कोयनेचे पाणी आणि काबूलचे दिवे : शेजाऱ्याशिवाय वीज नाही

ऑक्टोबर २०२५ मध्ये अफगाणिस्तानचे परराष्ट्रमंत्री अमीर खान मुत्तकी दिल्लीत आले. आपल्याकडे त्या दौऱ्याची चर्चा झाली ती महिला पत्रकारांना दूर ठेवलेल्या पत्रकार परिषदेची आणि देवबंदच्या भेटीची. दोन्ही गोष्टी चर्चेच्याच होत्या. पण दौऱ्यानंतरच्या संयुक्त निवेदनातला एक मुद्दा मागे पडला. अफगाणिस्तानची विजेची गरज भागवण्यासाठी जलविद्युत प्रकल्पांत सहकार्य करायचे, असे दोन्ही देशांनी त्यात म्हटले आहे.

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा मुद्दा परका वाटायला नको. नदी एक, धरण एक, पण पाणी मागणारे तीन. कुणाला त्यातून वीज हवी, कुणाला शेती, आणि खालच्या राज्याला उन्हाळ्यात प्यायला. हे भांडण आपण लहानपणापासून ऐकत आलो. आमची पोरं भूगोलाच्या तासाला विचारतात, ‘सर, धरण आपल्याकडे, मग लाइट का जाते?’ या प्रश्नाचे उत्तर देताना आम्हाला कोयनेपासून निघून थेट काबूलपर्यंत जावे लागते. जगाने बाजूला टाकलेल्या देशाचा अंधार समजून घ्यायचा असेल तर आधी आपल्या नदीचा हिशेब समजून घेऊ.

कोयनेचा फळ्यावरचा हिशेब

कोयना धरण साताऱ्याच्या पाटण तालुक्यात आहे. साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी, म्हणजे तितके अब्ज घनफूट. सगळी वीजघरे धरून प्रकल्पाची क्षमता १,९६० मेगावॅट. नदी मुळात पूर्वेला वाहते, कराडला कृष्णेला मिळते आणि सांगलीकडे येते. पण वीज मोठ्या प्रमाणात तयार होते ती पाणी उलट, पश्चिमेला वळवून. सह्याद्रीच्या पोटातल्या बोगद्यांतून पाणी कोकणात पोफळी आणि कोळकेवाडीला उतरते, जनित्रे फिरवते आणि पुढे वाशिष्ठी नदीतून समुद्राला मिळते.

या पश्चिमेकडच्या पाण्यावर मर्यादा आहे. कृष्णा पाणी तंटा लवादाने, म्हणजे बच्छावत आयोगाने, वर्षाला ६७.५ टीएमसी इतकेच पाणी वीजनिर्मितीसाठी पश्चिमेला वळवता येईल असे ठरवून दिले. जलवर्ष १ जूनला सुरू होते आणि ३१ मे रोजी संपते. त्या बारा महिन्यांत हा कोटा पुरवून वापरायचा.

आता एक साधे गणित करू. दहावीच्या विज्ञानाचेच आहे. एक टीएमसी पाणी म्हणजे सुमारे २.८ कोटी घनमीटर. हे पाणी कोकणात उतरताना पोफळी आणि कोळकेवाडी धरून सुमारे पावणेसहाशे मीटर खाली पडते. यंत्रांतली घट वजा केली तर एका टीएमसीतून साधारण चार कोटी युनिट वीज मिळते. तेच एक टीएमसी पाणी धरणाच्या पायथ्याच्या वीजघरातून पूर्वेला सोडले तर उतार फारच कमी मिळतो, आणि वीजही त्या मानाने अगदी थोडी.

पण गोष्ट इथे थांबत नाही. पूर्वेला सोडलेले पाणी टेंभू, ताकारी, म्हैसाळ या उपसा योजनांना लागते. टेंभूचे पाणी कराड तालुक्यात कृष्णेतून उचलले जाते आणि टप्प्याटप्प्याने कडेगाव, खानापूर, आटपाडी, पुढे सांगोल्यापर्यंत चढवले जाते. चढण ३०० मीटर धरली तर एक टीएमसी पाणी वर न्यायला सुमारे तीन कोटी युनिट वीज खर्च होते. म्हणजे पश्चिमेला गेलेले पाणी चार कोटी युनिट देते आणि पूर्वेला उपसलेले पाणी तीन कोटी युनिट खाते. फरक सात कोटींचा. महिन्याला १०० युनिट वापरणाऱ्या घराचा हिशेब धरला तर ही जवळजवळ साठ हजार घरांची वर्षभराची वीज झाली.

हा ढोबळ आकडा आहे. टप्पा बदलला की चढण बदलते. पण त्यातून एक गोष्ट स्पष्ट होते. पाणी आणि वीज हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. आटपाडीच्या डाळिंबाला दिलेले पाणी म्हणजे कुठल्यातरी गावाची दिलेली वीजसुद्धा आहे. म्हणून आटपाडीला पाणी देऊ नये, असा याचा अर्थ कोणी काढू नये. ज्या तालुक्यांनी पिढ्यान् पिढ्या छावण्या आणि टँकर पाहिले, गलाई कामासाठी आपली माणसे देशभर पाठवली, त्यांचा पाण्यावर हक्क आहेच. मुद्दा इतकाच की निर्णय घेणाऱ्याने दोन्ही पारडी समोर ठेवून बोलावे.

सांगलीची तहान आणि थकलेली बिले

पाऊस चांगला झाला की हे सगळे झाकून जाते. धरण भरते, वीजही होते, पाणीही सुटते. खरी परीक्षा होते ती २०२३ सारख्या वर्षी. त्या वर्षी पाऊस कमी झाला, कोयना धरण भरले नाही आणि हिवाळ्यातच सांगलीत कृष्णेचे पात्र कोरडे पडू लागले. मग सांगलीचे नेते एका बाजूला आणि साताऱ्याचे दुसऱ्या बाजूला. एकाच राज्यातले, एकाच सरकारातले लोक धरणाच्या दारावरून भांडले. शेवटी पाणी सुटले, पण वाद झाल्यावर, आणि तोवर नदीकाठच्या पिकांनी ताण सोसला होता.

दुसरा पेच बिलांचा. उपसा योजनांचे पंप विजेवर चालतात आणि बिल कोटींत येते. ते थकले की महावितरण वीज तोडते आणि धरणात पाणी असूनही कालवा कोरडा राहतो. हे आपण अनेक उन्हाळ्यांत पाहिले. पुढे सरकारने ८१ टक्के बिल स्वतः भरायचे आणि १९ टक्के शेतकऱ्यांकडून पाणीपट्टीत घ्यायचे, असे सूत्र ठरवले. तेव्हापासून पंप अधिक नियमित चालतात. पाणी तेच, पंप तेच, शेतकरी तेच. बदलला तो फक्त कुणी किती द्यायचे याचा लेखी ठराव. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे काबूलच्या हिशेबातही ती येणार आहे.

बाहेरच्या जगाची मदतही आपल्या नदीला नवी नाही. कोयनेच्या बांधकामाला जागतिक बँकेचे कर्ज होते. चौथ्या टप्प्यासाठी १९९९ मध्ये भरलेल्या जलाशयाच्या तळाला स्फोटाने भोक पाडून पाणी बोगद्यात घेतले, ते ‘लेक टॅपिंग’ तंत्र नॉर्वेचे. म्हैसाळ योजनेचे पंप सौरऊर्जेवर चालवण्यासाठी जर्मनीच्या ‘केएफडब्ल्यू’ या सरकारी विकास बँकेच्या कर्जाची व्यवस्था झाली आहे. आपण हे सगळे सहज धरून चालतो, कारण भारताला कर्ज मिळते, तंत्रज्ञ मिळतात, यंत्रे मिळतात. ज्या देशाला यातले काहीच मिळत नाही त्याचे काय होते, ते पुढे पाहू.

जत : राज्याच्या टोकावरची गावे

त्याआधी जतकडे जाऊ. जत तालुक्याचा पूर्व भाग कर्नाटकाला लागून आहे. म्हैसाळचे पाणी तिथल्या अनेक गावांपर्यंत पोचलेच नव्हते. उलट सीमेपलीकडे कर्नाटकाची तुबची-बबलेश्वर उपसा योजना हाकेच्या अंतरावर. आपल्या राज्याचे पाणी लांब आणि चढावर, शेजारच्या राज्याचे पाणी जवळ. २०१२ मध्ये तिथल्या गावांनी पाणी द्या, नाहीतर कर्नाटकात जाऊ, असा ठराव केला. तो ठराव नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी पुन्हा वर काढला आणि दोन्ही राज्यांचे राजकारण तापले. त्याच सुमारास तुबची-बबलेश्वरचे पाणी तिकोंडीच्या तलावात आले. लोकांनी पाण्याची पूजा केली. पाण्याला राज्य कळत नाही, तहानलेल्याला तर मुळीच नाही.

या वादात एक शहाणपणाची कल्पना होती. उन्हाळ्यात कर्नाटकाला कृष्णेत पाणी कमी पडते आणि तिथले सरकार जवळपास दरवर्षी महाराष्ट्राकडे कोयना किंवा वारणेतून पाणी सोडण्याची विनंती करते. महाराष्ट्राने ते पाणी द्यावे आणि त्या बदल्यात कर्नाटकाने आपल्या योजनेतून तेवढेच पाणी जत आणि सोलापूरच्या सीमेवरच्या गावांना द्यावे, अशी चर्चा २०१९ मध्ये दोन्ही राज्यांत झाली. दोघांचा फायदा. जतला पाणी चढवण्याची वीज वाचते, कर्नाटकाला हक्काने पाणी मिळते. पण कायमचा लेखी करार काही झाला नाही. दर उन्हाळ्यात पत्र, विनंती, थोडेसे पाणी, आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच.

एकाच देशातल्या दोन राज्यांचे, एकाच संविधानाखाली, एकच सर्वोच्च न्यायालय असताना हे असे. मग जिथे नदी चार देशांतून वाहते तिथे काय होत असेल?

नारिन नदी : आपल्या वादाचे मोठे रूप

मध्य आशियाची नावे आपल्या घरांत अनोळखी नाहीत. बुखारा, समरकंद, फरगाना ही नावे आपण आजोबांकडून ऐकली. त्याच फरगाना खोऱ्याच्या वर, किर्गिझस्तानात, नारिन नदीवर तोक्तोगुल नावाचे धरण आहे. त्याची साठवण १९.५ अब्ज घनमीटर, म्हणजे जवळपास ६९० टीएमसी. साडेसहा कोयना त्यात मावतील.

किर्गिझस्तान डोंगरात, वर. उझबेकिस्तान आणि कझाकस्तान खाली, सपाटीवर. वरच्याकडे पाणी आहे, पण तेल-वायू नाही. खालच्यांकडे कोळसा आणि वायू आहे, पण पाणी नाही. सोव्हिएत काळात मॉस्कोने सोपी वाटणी केली होती. किर्गिझस्तानने हिवाळ्यात पाणी अडवून ठेवायचे आणि उन्हाळ्यात कापसासाठी सोडायचे. त्या बदल्यात हिवाळ्यात त्याला खालून कोळसा आणि वायू मिळायचा. १९९१ मध्ये सोव्हिएत संघ फुटला आणि ही व्यवस्था कोलमडली. खालचे देश म्हणाले, वायू बाजारभावाने घ्या, रोख पैसे द्या. गरीब किर्गिझस्तानकडे रोख कुठून येणार? त्याने धरणाची दारे हिवाळ्यात उघडली आणि विजेवर घरे तापवली. उन्हाळ्यात धरणात पाणी कमी, खालची शेती कोरडी. आणि हिवाळ्यात सोडलेले पाणी गोठलेल्या नदीत मावेना, म्हणून खाली भर थंडीत पूर. सांगलीकरांना वेगळे सांगायला नको की वरच्या धरणाचे दार कधी उघडते यावर खालच्या माणसाचे घर अवलंबून असते. २०१९ आणि २०२१ आपण अजून विसरलेलो नाही.

१९९८ मध्ये या देशांनी सिर दर्या नदीसाठी करार केला. कागदावर चांगला होता. पण पाऊस जास्त झाला की खालच्या देशांना पाणी नको असायचे, मग ते कोळसा द्यायला टाळाटाळ करायचे. पाऊस कमी झाला की वरचा देश पाणी द्यायला टाळाटाळ करायचा. करारात कमी-जास्त पावसाच्या वर्षांची नीट तरतूद नव्हती. काही वर्षांतच तो निष्प्रभ झाला. २००८-०९ च्या हिवाळ्यात तोक्तोगुलची पातळी खूप खाली गेली आणि किर्गिझस्तानात तासन् तास वीज बंद ठेवावी लागली. आपल्याकडे त्याच सुमाराला ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमन चालू होते, आठवत असेल. फरक हा की तिथे बाहेर शून्याखालचे तापमान होते आणि चूल, हीटर, पाणी सगळे विजेवर.

ताजिकिस्तान : एकटा पडलेला देश

शेजारच्या ताजिकिस्तानची अवस्था त्याहून वाईट झाली. हा देश तर जवळपास पूर्णपणे जलविद्युतवर. उन्हाळ्यात बर्फ वितळते, धरणे भरतात, वीज उतू जाते. हिवाळ्यात नद्या आटतात आणि मागणी वाढते. सगळ्या मध्य आशियाचे एक सामाईक वीजजाळे होते, त्यातून हिवाळ्यात शेजाऱ्यांची वीज यायची. २००९ च्या अखेरीस उझबेकिस्तान त्या जाळ्यातून बाहेर पडला आणि ताजिकिस्तान तुटला. वायूसुद्धा पुढे बंद झाला.

याला कारण होते ताजिकिस्तानचे रोगुन धरण, ३३५ मीटर उंचीचे. ते बांधले तर आपली शेती वाळेल, अशी भीती तेव्हाचे उझबेक अध्यक्ष इस्लाम करिमोव्ह यांना होती. तारा तुटल्या आणि वर्षानुवर्षे ताजिक खेड्यांना हिवाळ्यात दिवसातून काही तास वीज. तीच धरणे उन्हाळ्यात वीज न करता पाणी सोडून देत होती, कारण वीज घेणारा शेजारी राहिला नव्हता. तुटवडा आणि नासाडी, एकाच देशात, एकाच वर्षात.

मग बदल कसा झाला? रोगुन पूर्ण झाले म्हणून नव्हे. २०१६ मध्ये करिमोव्ह वारले, शौकत मिर्झियोयेव्ह अध्यक्ष झाले आणि त्यांनी शेजाऱ्यांशी बोलायला सुरुवात केली. मार्च २०१८ मध्ये ते दुशान्बेला गेले. त्याच वर्षी ताजिक वीज पुन्हा उझबेकिस्तानात जाऊ लागली आणि उझबेक वायू पुन्हा ताजिकिस्तानात आला. २०२४ मध्ये ताजिकिस्तान सामाईक जाळ्याला पुन्हा जोडला गेला. ज्या वरच्या धरणांची उझबेकिस्तानला इतकी धास्ती होती, तसेच एक धरण, किर्गिझस्तानातले १,८६० मेगावॅटचे कंबराता-१, आता किर्गिझ, उझबेक आणि कझाक हे तिन्ही देश मिळून बांधायला निघाले आहेत. खालच्या देशाने वरच्या धरणात भागीदार व्हायचे, म्हणजे दार कधी उघडायचे यात त्याचाही शब्द राहतो. अविश्वासावर हा मोठा तोडगा आहे.

संकट संपले असे मात्र नाही. वीजटंचाईचे हिवाळे अजूनही येतात. पण एकट्याने सोसणे आणि हमसाया सोबत असताना सोसणे यात फरक पडतो.

अफगाणिस्तान : बाहेरची वीज, घरातला अंधार

आता काबूल. अफगाणिस्तान आपल्या विजेचा बहुतांश भाग बाहेरून घेतो. उझबेकिस्तान, ताजिकिस्तान, तुर्कमेनिस्तान आणि इराण, चार शेजारी आणि वेगवेगळ्या तारा. काबूलला उझबेक वीज ज्या तारेने पोचते, त्यातली पुल-ए-खुमरी ते काबूल ही सुमारे २०० किलोमीटरची वाहिनी भारताने बांधली आहे, हे आपल्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. हिंदुकुशच्या बर्फातून, सालंगच्या घाटावरून भारतीय अभियंत्यांनी ती ओढली. हेरात प्रांतातले ४२ मेगावॅटचे सलमा धरणही भारताने बांधून दिले. जून २०१६ मध्ये त्याचे उद्घाटन झाले आणि त्याचे नावच अफगाण-भारत मैत्री धरण आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये तालिबान सत्तेवर आले. अमेरिकेत ठेवलेले अफगाण मध्यवर्ती बँकेचे सुमारे सात अब्ज डॉलर गोठवले गेले. मदत थांबली, बँकांचे व्यवहार अडले. वीज कंपनीकडे शेजाऱ्यांचे बिल भरायला पैसे उरले नाहीत आणि थकबाकी वाढत गेली. आपल्या उपसा योजनांचे थकलेले बिल आठवा. शेजाऱ्यांनी तारा लगेच तोडल्या नाहीत, हप्त्यांवर काम चालू ठेवले. पण जानेवारी २०२३ मध्ये उझबेकिस्तानातच कडाक्याची थंडी पडली, तिथेच वीज पुरेना, तेव्हा अफगाणिस्तानकडे जाणारा पुरवठा घटला आणि काबूल अंधारात गेले. शेजाऱ्यावर अवलंबून राहण्याची ही दुसरी बाजू. त्याच्या घरी चूल पेटेना, तर तो तुम्हाला विस्तव कुठून देणार?

‘कासा-१०००’ नावाचा प्रकल्प या साऱ्याची कसोटी आहे. किर्गिझस्तान आणि ताजिकिस्तानची उन्हाळ्यातली जादा वीज अफगाणिस्तानमार्गे पाकिस्तानला न्यायची, क्षमता १,३०० मेगावॅट. वरच्यांना पैसा, खालच्यांना ऐन उन्हाळ्यात वीज आणि मधल्या अफगाणिस्तानला वाहतुकीचे भाडे. २०१६ मध्ये काम सुरू झाले, २०२१ मध्ये अफगाण हद्दीतले थांबले. बाकी तीन देशांनी आपापला भाग पुढे नेला, मधला तुकडा तसाच. मग २०२४ मध्ये जागतिक बँकेने वाट काढली. अफगाण भागातल्या कामाचे पैसे आणि पुढचे उत्पन्न यांचा व्यवहार देशाबाहेरच ठेवायचा, तालिबान सरकारच्या यंत्रणेतून न्यायचा नाही. सरकारला मान्यता न देता लोकांपर्यंत तार नेण्याचा हा प्रयत्न आहे.

इथे आम्हाला दोन गोष्टी सारख्याच ठामपणे म्हणाव्या वाटतात. पहिली, सामान्य माणसाला थंडीत कुडकुडत ठेवून कुठलेही सरकार बदलत नाही. इन्क्युबेटरमधल्या बाळाला निर्बंध म्हणजे काय ते कळत नाही. दुसरी, अफगाणिस्तानचे एकटेपण फक्त बाहेरच्यांनी लादलेले नाही. जे सरकार सहावीनंतर मुलींना शाळेत जाऊ देत नाही, त्याच्याशी व्यवहार करताना जग बिचकते, आणि ती शाळा बंद करण्याचा हुकूम वॉशिंग्टनमधून निघालेला नाही. शिक्षक म्हणून आम्ही हे सांगितलेच पाहिजे. आज शिकू न दिलेल्या मुलींतच उद्याच्या वीजघरांच्या इंजिनिअर होत्या. जुलै २०२५ मध्ये रशियाने या सरकारला मान्यता दिली, तोवर कुणीच दिली नव्हती. शेजारी मात्र मान्यतेची वाट न पाहता वीज विकत राहिले. मान्यतेचा प्रश्न आणि विजेचा प्रश्न वेगळे ठेवता येतात, हे त्यांनी दाखवले.

सहकार्य टिकते कशावर?

ही सगळी उदाहरणे शेजारी शेजारी मांडली की काही गोष्टी दिसतात.

एक, देवाणघेवाण दोन्हीकडून हवी. जतसाठी नुसती विनंती चालली नाही, पण कोयनेच्या पाण्याच्या बदल्यात जतला पाणी, ही कल्पना दोन्ही सरकारांना पटण्यासारखी होती. तोक्तोगुलचे पाणी आणि खालचा कोळसा, हे त्याचेच मोठे रूप. मेहरबानीवर चाललेला पुरवठा मेहरबानी संपली की थांबतो.

दोन, वाईट वर्षाची तरतूद आधी हवी. १९९८ चा करार ओल्या आणि कोरड्या वर्षांनी मोडला. आपल्याकडे बच्छावत आयोगाचा ६७.५ टीएमसीचा आकडा पन्नास वर्षांनंतरही चालतो, कारण तो लेखी आहे आणि दोन्ही राज्यांवर बंधनकारक आहे. पण धरण भरले नाही तर वीज आधी की शेती, किती आणि कोणत्या महिन्यात, याचे सूत्र लोकांसमोर मांडलेले नसते. म्हणून २०२३ सारखे भांडण होते.

तीन, पैशाचा रस्ता स्वच्छ हवा. ८१ आणि १९ चे सूत्र असो की कासा-१००० चे देशाबाहेरचे खाते, बिल कोण भरणार हे ठरले की पंपही चालतो आणि तारही ओढली जाते.

चार, ज्यांच्या जमिनीवर धरण उभे राहते त्यांना विसरून चालत नाही. रोगुनसाठी चाळीस हजारांहून जास्त माणसांना घरे सोडावी लागत आहेत. आपल्याकडे कोयनेच्या धरणग्रस्तांच्या पुढच्या पिढ्या अजून जमिनीसाठी आंदोलने करतात, आणि शिवसागराच्या पलीकडच्या कांदाटी खोऱ्यातल्या लोकांचा आजाराच्या वेळचा आधार आजही लाँच असते. दिव्याखालचा हा अंधार कुठल्याच करारात लिहिलेला नसतो.

आपल्या हातात काय आहे?

दूरच्या देशांची बातमी वाचून हळहळणे सोपे. आपल्या घरचा हिशेब मागणे थोडे अवघड. विट्याचे यंत्रमाग, तासगावचे बेदाण्याचे कोल्ड स्टोरेज, मिरजेच्या बाजारातला बागवानांचा माल, रमजानात सेहरीच्या वेळचा नळ, हे सगळे याच पाण्या-विजेवर चालते. म्हणून कालवा सल्लागार समितीची बैठक आपल्याही कामाची आहे. कोयनेत किती पाणी आहे, पश्चिमेला किती गेले, पूर्वेला किती सुटले, हे आकडे मागा, वाचा, मुलांना दाखवा. जतच्या बाबतीत दर उन्हाळ्याच्या पत्रव्यवहाराऐवजी दोन्ही राज्यांनी कायमचा करार करावा, ही मागणी आमदार-खासदारांकडे लावून धरा. सीमेच्या अलीकडे-पलीकडे आपलेच नातेवाईक राहतात. मिरजेची लेक विजापूरला दिलेली असते, अथणीची सून सांगलीत आलेली असते. या मागणीत कुणी परके नाही.

आणि दिल्लीकडेही लक्ष ठेवा. मुत्तकींच्या दौऱ्यात जलविद्युत सहकार्याचा शब्द दिला गेला. सलमा धरण आणि सालंगची तार बांधून भारताने तिथे नाव कमावले आहे. पुढचा प्रकल्प कुठला, पैसा कसा जाणार, आणि त्या विजेचा दिवा काबूलच्या मुलींच्या शाळेतही लागणार का, हे विचारण्याचा हक्क भारतीय नागरिक म्हणून आपल्याला आहे. वीज द्यावी, जरूर द्यावी. थंडीत गारठलेल्या घराला आधी ऊब, मग बाकीचे बोलणे. पण ते बोलणे टाळू नये.